ईस्टसाइड हॉकी मॅनेजर : खुर्चीत बसलं की घाई कशी होते ते कळतं

आइस हॉकीत गोल कोणी मारला यापेक्षा कोणाचा करार कधी संपतोय यात मला जास्त रस असतो. काम हिशेबतपासणीचं, त्यामुळे नजर आपोआप कलमांकडे जाते. ईस्टसाइड हॉकी मॅनेजर हा संगणकावरचा खेळ पहिल्यांदा उघडला तेव्हा वाटलं, हा खेळ बहुतेक माझ्यासारख्यांसाठीच बनवलाय. यात तुमच्या हातात ना स्टिक, ना पक (चेंडूऐवजीची चकती). तुम्ही जनरल मॅनेजर. खेळाडू निवडायचे, करार करायचे, कोणाला वरच्या संघात ठेवायचं आणि कोणाला फार्म टीमला, म्हणजे खालच्या लीगमधल्या राखीव संघाला, धाडायचं ते ठरवायचं. मग सामना सुरू झाला की वरून दिसणाऱ्या रिंकवर ठिपके पळताना बघत बसायचं, आणि आपला ठिपका पडला की हळहळायचं.

थोडा इतिहास, कारण घेण्याआधी तो माहीत असलेला बरा. रिस्टो रेमेस या फिनिश माणसाने २००१ च्या सुमारास हा खेळ फुकट उपलब्ध करून दिला. पुढे फुटबॉल मॅनेजरवाल्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हने तो आपल्याकडे घेतला. २००४ पासून तो रीतसर विकला जाऊ लागला, २००७ च्या आवृत्तीनंतर थांबला आणि २०१५ मध्ये स्टीमवर परत आला. तेव्हापासून नवी आवृत्ती नाही. आजचे संघ आणि आजचे खेळाडू हवे असतील तर चाहत्यांनी खपून बनवलेला डेटाबेस उतरवून घ्यावा लागतो. दिसायला सगळं एक्सेलच्या शीटसारखं. मला त्याचं काही वाटत नाही, पण ज्यांना चकचकीत हॉकी हवी आहे त्यांनी इथूनच परत फिरावं.

मी तो घेतला एका भांडणापायी. दरवर्षी ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडायचा कार्यक्रम, झाला की धाकटा भाऊ आणि मी एकाच विषयावर येतो: अठरा वर्षांच्या पोराला उचलून थेट एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये, उतरवल्याने संघ त्याचं वाटोळं करतात का? भावाचं मत ठाम, करतात. पुरावा म्हणून तो एडमंटनच्या संघाचं नाव घेतो. मी विरुद्ध बाजूने बोलते आणि मीही एडमंटनचंच नाव घेते.

त्याचा साक्षीदार येसे पुल्युयार्वी. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये चौथा. अठराव्या वर्षी फिनलंडहून येऊन लगेच एनएचएलमध्ये, २८ सामन्यांत १ गोल आणि ७ असिस्ट (दुसऱ्याच्या गोलला हातभार), मग हंगामाच्या मध्यावर खाली फार्म टीमला, बेकर्सफील्डला. पुढची दोन वर्षं वर-खाली. शेवटी २०१९ मध्ये तो कंटाळून फिनलंडला आपल्या जुन्या क्लबकडे, कार्पॅटकडे गेला. वर्षभराने परत आला खरा, पण चौथ्या क्रमांकाच्या निवडीकडून जी अपेक्षा असते तिथवर कधी पोचला नाही.

माझा साक्षीदार लिऑन ड्रायझाइटल. २०१४ चा तिसरा. त्यालाही अठराव्या वर्षीच उतरवलं होतं, आणि ३७ सामन्यांत २ गोल, ७ असिस्ट. आकडे पुल्युयार्वीपेक्षा काही फार बरे नव्हते. जानेवारी २०१५ मध्ये संघाने त्याला ज्युनियरला, म्हणजे कॅनडातल्या पोरांच्या लीगला, परत पाठवलं. तिथे तो केलोनाकडून खेळला, संघाने आपली लीग जिंकली, आणि मेमोरियल कप या ज्युनियर संघांच्या अंतिम स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पुढच्या हंगामाची सुरुवात फार्म टीममध्ये, मग वर येऊन ७२ सामन्यांत ५१ गुण (गोल आणि असिस्ट मिळून). २०२० मध्ये हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान. घाई त्याच्याही बाबतीत झाली होती. फरक इतकाच, की चूक लक्षात आल्यावर कोणीतरी ती त्याच हंगामात निस्तरली.

हिशेबाच्या दृष्टीने ड्रायझाइटलचं प्रकरण तर फारच मजेचं. ४० सामने संघाच्या यादीत राहिला असता तर मुक्त खेळाडू (हव्या त्या संघाकडे जाऊ शकणारा) होण्याच्या दिशेने त्याचं एक वर्ष मोजलं गेलं असतं. त्या आधीच त्याला परत धाडलं, म्हणजे ते वर्ष संघाने वाचवलं. पण पहिल्या तीन वर्षांच्या करारातलं एक वर्ष तोवर जळून गेलेलं, कारण तिथे मर्यादा फक्त ९ सामन्यांची. त्यामुळे त्याचा करार लवकर संपला आणि २०१७ मध्ये, २१ व्या वर्षी, त्याला आठ वर्षांसाठी दरसाल ८५ लाख डॉलर द्यावे लागले. तेव्हा लोकांनी नावं ठेवली. काही वर्षांतच तो लीगमधला सगळ्यात स्वस्त सौदा म्हणून गाजला. घाईचा तोटा नेमका कुठल्या रकान्यात मांडायचा, सांगा बघू.

तर खेळाकडे. मी मुद्दाम तळाचा संघ घेतला. पहिल्याच उन्हाळ्यात ड्राफ्टमध्ये दुसरा क्रमांक मिळाला आणि मी ऑंटॅरियोच्या ज्युनियर लीगमधला एक सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, उचलला. तो खेळानेच तयार केलेला, खऱ्या जगात नाही. खेळाडूचं प्रत्येक कौशल्य १ ते २० मध्ये मोजतात. याचं पासिंग १५, स्टिकहँडलिंग १५, अंदाज १४. आणि ताकद ८, फेसऑफ (खेळ सुरू होताना समोरासमोर पकसाठी होणारी झटापट) ७. म्हणजे डोकं आणि हात मोठ्यांचे, अंग पोराचं. सेंटरचं अर्धं काम फेसऑफ जिंकायचं आणि गोलपुढच्या धक्काबुक्कीत उभं राहायचं, तिथेच हा उणा.

आता याला ठेवायचं कुठे? इथे खेळ तुम्हाला त्या जाचक नियमापुढे आणून उभा करतो, ज्याच्याविषयी सामना बघणाऱ्यांपैकी निम्म्यांना काही माहीत नसतं. कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनियर लीगमधून निवडलेला पोरगा अठरा-एकोणिसाव्या वर्षी फार्म टीमला, म्हणजे एएचएलला, पाठवता येत नाही. एक तर वर एनएचएल, नाही तर परत ज्युनियर. मधली पायरीच काढून घेतलेली. ज्याला ज्युनियर सोपं झालंय आणि एनएचएल अजून झेपत नाही, त्याच्यासाठी जागाच नाही. त्याच वयाचा, युरोपातून निवडलेला पोरगा मात्र खुशाल एएचएलमध्ये खेळू शकतो. पुल्युयार्वीला बेकर्सफील्डला धाडता आलं आणि ड्रायझाइटलला त्या हंगामात नाही आलं, ते यामुळेच.

भाऊ शेजारी येऊन बसला होता.

“ताई, दोन नंबरला घेतलंस आणि परत पाठवतेस? तिकिटं कोण काढणार मग?”

“अरे, तूच म्हणतोस ना, घाई करतात म्हणून?”

“ते खरे संघ गं. हा आपला आहे.”

या एका बाबतीत हा खेळ अप्रतिम आहे. संचालक मंडळाचा विश्वास खाली यायला लागलेला असतो, दुसऱ्या लाइनचा (एकत्र उतरणाऱ्या आक्रमकांच्या तुकडीचा) सेंटर जायबंदी असतो, बाजारात चांगला सेंटर घ्यायचा तर सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेत, जागा नसते, आणि यादीत एक स्वस्त, नावाजलेला, उत्साही पोरगा दिसत असतो. कोणी वाईट हेतूने घाई करत नाही. ती सहज, एका क्लिकवर होऊन जाते.

मी सेव्ह करून दोन्ही वाटा खेळून पाहिल्या. एका वाटेत त्याला वर ठेवलं. चौथी लाइन, सामन्यात जेमतेम आठेक मिनिटं, पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेवर असतानाचा खेळ) नाही. प्रशिक्षकाचा अहवाल दर महिन्याला तोच, मनोबल उतरतीला, आणि वर्षअखेर कौशल्यांचे आकडे जवळपास होते तिथेच. दुसऱ्या वाटेत ९ सामने खेळवून ज्युनियरला परत. दहावा सामना खेळला नाही की करार एक वर्ष पुढे सरकतो, पैशांचं घड्याळ चालूच होत नाही. तिथे तो पहिल्या लाइनवर वीसेक मिनिटं खेळला, कॅप्टन झाला, ताकद ८ वरून १० वर आली. ही आठ मिनिटांची गोष्ट खऱ्या जगातही अशीच घडते. शेन राइटला सिॲटलने २०२२ मध्ये चौथा घेतला आणि त्या हंगामात एनएचएलचे ८ सामने खेळवले. बरेचदा तो बाहेरच बसलेला असायचा. मग थोडे दिवस एएचएल, तेही तब्येत-सरावाच्या पळवाटेने, मग जागतिक ज्युनियर स्पर्धा, मग ज्युनियर लीग. एका हंगामात इतके संघ! पुढचं वर्ष बहुतेक सगळं एएचएलमध्ये काढल्यावर २०२४-२५ मध्ये त्याने १९ गोल आणि ४४ गुण केले. पोरगं वरच्या संघात आहे की खालच्या, हा प्रश्नच मला आता दुय्यम वाटतो. रात्री किती मिनिटं बर्फावर आहे आणि कोणासोबत, ते विचारा.

आता कुठे फसतो ते. दोन्ही वाटांवर मी पुढचे काही हंगाम रेटले. चोविसाव्या वर्षी दोन्हीकडचा तो सेंटर जवळपास सारखाच निघाला. रेटलेला थोडा मागे, पण ओळखू येईल असा तोच. कारण आत एक न दिसणारा आकडा असतो: या खेळाडूची कमाल क्षमता, दोनशेपैकी. ती जन्मालाच ठरलेली. तुमची घाई त्या छतापर्यंत पोचायचा वेग कमी-जास्त करते, छत हलवत नाही. म्हणजे ज्यावर भांडण चाललंय त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर खेळाने आधीच गृहीत धरलंय.

जो थॉर्नटनच्या बाबतीत ते गृहीत लागू पडतं. १९९७ चा पहिला, बॉस्टनमध्ये पहिल्या हंगामात ५५ सामने आणि ३ गोल, तेव्हा लोक त्याला फसलेली निवड म्हणत होते. कारकीर्द संपली तेव्हा नावावर १,५३९ गुण. त्याला काही झालं नाही. पण पुल्युयार्वीचं छत मुळातच बुटकं होतं, की वीस वर्षांच्या पोराला परक्या देशात वर-खाली करून ते बुटकं झालं, हे कुठल्याही डेटाबेसमध्ये लिहून मिळत नाही. मनोबल नावाचा रकाना आहे, पण चुकलो तर उद्या बसवतील या धास्तीने सोपा पास देत राहणारा खेळाडू तो रकाना दाखवू शकत नाही. सवयी बिघडतात त्या अशा. प्रेक्षकालाही दोन वर्षांनी कळतं, की हा पूर्वी पक घेऊन आत घुसायचा, आता बोर्डाकडेच, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीकडेच, वळतो.

उलट बाजूला थांबवण्याचंही या खेळात फार कौतुक होतं, म्हणजे खेळणाऱ्यांमध्ये. डेट्रॉइटने केन हॉलंडच्या काळात ते तत्त्वच केलं होतं: पोरगा पाडाला आल्यावरही आणखी थोडा राहू द्यायचा. गुस्ताव्ह न्यूक्विस्ट असाच त्यांच्या फार्म टीममध्ये, ग्रँड रॅपिड्समध्ये, मुरून वर आला आणि २०१३-१४ मध्ये ५७ सामन्यांत २८ गोल केले. पण तेव्हा डेट्रॉइटचा वरचा संघ भरलेला होता, थांबवणं त्यांना परवडत होतं. तळाच्या संघाला ते परवडत नाही, आणि ड्राफ्टमधली वरची पोरं जातात तळाच्याच संघांकडे. केल माकारसारखा, २०१७ ला चौथा निवडला जाऊनही आणखी दोन वर्षं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात काढणारा, विरळा. त्याच्याकडे कॉलेजची वाट होती. ज्युनियर लीगवाल्यांना ती तेव्हा बंद होती, २०२५ पासून उघडली आहे.

गोलरक्षकांबद्दल फार लिहीत नाही. त्यांच्या बाबतीत सगळेच संघ थांबतात, खेळातही थांबावं. बचावपटूंना मात्र खेळात जरा लवकर यश येतं असं माझं मत आहे. माझा फिनलंडचा एक बचावपटू एएचएलमध्ये एकच हंगाम काढून वर आला आणि टिकला.

किरकोळ गोष्टी: पहिल्या दिवशी कुठलं बटण कुठे आहे ते सापडत नाही, आणि शिकवणी म्हणावी असं हाताशी काही फारसं नाही. एक हंगाम पुरा व्हायला बरेच तास जातात. फुटबॉल मॅनेजर खेळलेल्यांना घरच्यासारखं वाटेल. करार, वेव्हर्स (खेळाडू खाली धाडण्याआधी तो इतर संघांना देऊ करणं), कॅप यांचं ज्यांना वावडं आहे त्यांनी घेऊ नये. बाकी हॉकीच्या कुठल्याही चाहत्याने, विशेषतः दर ऑक्टोबरात जनरल मॅनेजरला शिव्या घालणाऱ्याने, जरूर घ्यावा.

एक लक्षात ठेवा, यातले नियम २०१५ चे आहेत. २०२५ मध्ये लीग आणि खेळाडू संघटना यांच्यात जो नवा करार ठरला, त्यात ज्युनियर लीगमधला एकोणीस वर्षांचा एक खेळाडू प्रत्येक संघाला एएचएलमध्ये ठेवू द्यायचं कबूल झालं आहे. ती गाळलेली पायरी निदान एकासाठी तरी परत बसवली जाणार. पण ती एकोणिसाव्या वर्षी. माझा सेंटर अठराचा आहे, त्यामुळे त्याचं ज्युनियरचं तिकीट मी काढलेलंच बरं.