सगळ्यात आधी आत घुसणाऱ्याने सीट कुठली घ्यावी: कोथरूडचा एक गेमिंग कॅफे

व्हॅलोरंट या पाच-पाच जणांच्या शूटिंग गेममध्ये जेट किंवा रेझ ही पात्रं घेऊन साइटवर (बॉम्ब लावायच्या जागेवर) सगळ्यात आधी घुसायचं असेल, तर टीमसाठी मागच्या रांगेतल्या पाच सीट सलग मागा. शेजारच्या टीममेटला 'फ्लॅश (समोरच्याचे डोळे दिपवणारा झोत) टाक, घुसतोय' म्हणायचं आणि निघायचं. गेममध्ये तो दोन पावलं मागेच असला, तर तुम्ही पडलात तरी ट्रेड मिळतो, म्हणजे तुम्हाला मारणाऱ्याला तो लगेच टिपतो. मॉनिटर २४० हर्ट्झचे (सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारे), पण विंडोजमध्ये बरेचसे ६० वरच ठेवलेत! डिस्प्ले सेटिंग आधी बदला, नाहीतर कोपऱ्यामागचा गडी उशिरा दिसतो आणि शिव्या बिचारा माऊस खातो. विंडोजच्या माऊस सेटिंगमधली 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन'ची (हाताच्या वेगानुसार कर्सरचा वेग बदलणारी) खूणही काढा. माऊसपॅड अरुंद, त्यामुळे माऊसची सेन्सिटिव्हिटी कमी ठेवणाऱ्याने (त्याला हात जास्त फिरवावा लागतो) स्वतःचा न्यावा. गेमच्या मुंबई सर्व्हरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) स्थिर. हेडफोन ठीक, पण संध्याकाळच्या कल्ल्यात गेममधल्या शत्रूची पावलं ऐकू येत नाहीत. कॉलेजं सुटायच्या आत गाठा.