वापरलेला ईसीएम बसवून ९ महिने झाले, त्याचा अनुभव

ईसीएम, म्हणजे इंजिनचं कामकाज चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर, बदलला त्याला ९ महिने झाले, गाडी साधारण ११,००० किलोमीटर चालली. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले होते, पण तेव्हा नुसता आनंदच लिहिला गेला असता. आता ऊन, पाऊस, गर्दीत तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणं, लांबचे प्रवास असं सगळं होऊन गेलंय. गाडी १२ वर्षांची, पेट्रोल, चार सिलिंडर, प्रत्येकाला वेगळी इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी). बसवलेला ईसीएम नवा नाही. दुसऱ्या गाडीतून काढलेला, त्याच हार्डवेअर नंबरचा, आणि माझ्या जुन्या ईसीएममधला डेटा त्यात उतरवून घेतलेला.

दुखणं असं होतं: थंड असताना गाडी अगदी सुरळीत. वीस-पंचवीस मिनिटांनी इंजिन पुरतं तापलं की मिसिंग सुरू, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं (यालाच मिसफायर म्हणतात). स्टिअरिंगला थरथर, पिकअप गायब, आणि चेक इंजिनचा दिवा नुसता पेटून राहायचा नाही, तर लुकलुकायचा. दिवा असा लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा, सायलेन्सरच्या वाटेवरचा भाग) जाऊन तिथं पेटतं आणि तो आतून वितळू शकतो. मला हे आधी माहीत नव्हतं, दोनदा तशीच घरापर्यंत आणली. नंतर मात्र दिवा लुकलुकला की बाजूला घेऊन बंद करायचे.

स्कॅनरवर दोन कोड यायचे. पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसफायर, आणि पी ०३५२, म्हणजे दुसऱ्या कॉइलचं सर्किट. गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले. मग दुसरी आणि तिसरी कॉइल अदलाबदल करून पाहिली. कोड दुसऱ्यावरच राहिला, म्हणून कॉइल चांगली आहे असं ठरलं आणि त्या कॉइली तशाच, अदलाबदल केलेल्या, राहिल्या. त्यानंतर वायरिंग उघडून पुन्हा टेप मारून झाली, कॅम सेन्सर बदलून झाला, आणि शेवटी ‘ईसीएम गेलाय’ असं सांगण्यात आलं. ते बरोबर निघालं, पण सांगण्यामागे एकही मोजमाप नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

तिथंच एक तसाच दिसणारा ईसीएम आणून कपलर (वायरींचे जोड) लावले. सेल्फ मारला, इंजिन सुरू झालं आणि दोन सेकंदांत बंद. तीनदा तेच. डॅशबोर्डवर किल्लीच्या खुणेचा दिवा लुकलुकत होता. कारण साधं आहे: किल्लीतली चिप, गाडीचा इमोबिलायझर आणि ईसीएम या तिघांची आपसांत ओळख जुळलेली असते. परका ईसीएम आला की ओळख पटत नाही आणि पेट्रोल किंवा स्पार्क तोडला जातो. चोरीला आळा बसावा म्हणून केलेली ही सोय आहे. त्यामुळे कोणी ‘नुसता लावा आणि चालवा’ म्हणत असेल तर आधी इमोबिलायझरचं काय करणार ते विचारा.

तिथून गाडी उचलून एका वायरमनकडे नेली. त्यानं ईसीएमला तासभर हातच लावला नाही. बॅटरी १२.६ व्होल्ट, इंजिन सुरू झाल्यावर १४.१. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी ईसीएमच्या अर्थच्या वायरवर, हेडलाइट आणि एसी चालू: ०.०४ व्होल्ट. हा आकडा ०.१ च्या आत असला की अर्थ ठीक समजायचा. मग सेन्सरना जाणारे ५ व्होल्ट पाहिले. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो ही ५ व्होल्टची लाइनच खाली ओढतो, मग तिच्यावरचे धडधाकट सेन्सरही भलतंच सांगू लागतात आणि आळ ईसीएमवर येतो. माझ्याकडे तेही ठीक होतं. दुसऱ्या कॉइलपासून ईसीएमपर्यंतची वायर सलग होती.

त्यानंतर त्यानं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. गाडी पूर्ण थंड होऊ दिली. सुरू केली, सुरळीत. ईसीएम इंजिनच्या खोलीत बॅटरीशेजारीच आहे, त्याच्या डब्यावर केस वाळवायच्या ड्रायरनं गरम हवा सोडली. इंजिन अजून थंडच होतं, आणि चार मिनिटांत मिसिंग सुरू झालं. ड्रायर बंद करून कॉम्प्रेसरची हवा मारली, दोन मिनिटांत इंजिन पूर्ववत. पुन्हा गरम, पुन्हा मिसिंग. दोन महिने ज्याच्यासाठी हिंडले ते डोळ्यांसमोर सिद्ध झालं.

डबा उघडला. झाकण चिवट काळ्या डिंकानं चिकटवलेलं होतं, कडेनं हळूहळू सोडवावं लागलं. आत चार एकसारखे ट्रान्झिस्टर ओळीनं, एकेका कॉइलचा करंट चालू-बंद करणारे. दुसऱ्याच्या भोवती बोर्डाचा हिरवा रंग तपकिरी पडलेला, आणि भिंगातून पाहिल्यावर त्याच्या एका पायाभोवतीच्या सोल्डरिंगमध्ये केसाएवढी गोल चीर. मी विचारलं, “दादा, एवढाच बदलून नाही का चालणार?” तो म्हणाला, “बदलून देतो ताई, पण खालचा ट्रॅक, बोर्डावरची तांब्याची पट्टी, उचललाय. किती दिवस टिकेल ते मी सांगू शकत नाही. आणि त्याआधी हा जळला कशानं ते बघू.”

सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे वाक्य. त्यानं चारही कॉइली काढून त्यांच्या प्रायमरीचा, म्हणजे ईसीएमकडून करंट येतो त्या आतल्या वेटोळ्याचा, रेझिस्टन्स मोजला. इतका लहान आकडा मोजताना मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा असतो, नाहीतर फसगत होते. तीन कॉइली ०.७ ओहमच्या आसपास. चौथी ०.३. आणि ती चौथी कुठं बसलेली होती? तिसऱ्या सिलिंडरवर! म्हणजे मूळची दुसऱ्या सिलिंडरची, अदलाबदलीत इकडे आलेली.

आतले वेढे शॉर्ट झालेली कॉइल जास्त करंट ओढते. तो सगळा करंट ईसीएममधल्या ट्रान्झिस्टरमधून जातो. रोज थोडा थोडा भाजत तो दुसरा ट्रान्झिस्टर गेला. कॉइल हलवल्यावर कोड दुसऱ्यावरच राहिला, कारण तोवर इजा ईसीएमला होऊन गेली होती. इजा करणारी कॉइल मात्र निर्दोष ठरून महिनाभर तिसऱ्या ट्रान्झिस्टरवर बसली होती. चढावर अधूनमधून एक हलका झटका बसायला लागला होता, तो मी जुन्याच दुखण्यात धरत होते. त्या अवस्थेत दुसरा ईसीएम चालू झाला असता तर तोही काही महिन्यांत गेला असता. गॅरेजमधला तो उसना ईसीएम दोन सेकंदांच्या वर चालला नाही हे बरंच झालं.

चारही कॉइली नव्या घातल्या. एकच बदलूनही चाललं असतं, पण बाकीच्या तिघी त्याच वयाच्या होत्या.

कोरा नवा ईसीएम घेण्याचा पर्याय होता. तो सर्वांत निर्धास्त, पण त्यात गाडीचा १७ अक्षरी चेसिस नंबर आणि किल्ल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरनं नव्यानं भराव्या लागतात, आणि इतक्या जुन्या मॉडेलचा मिळायला खूप थांबावं लागणार होतं. म्हणून वापरलेला. लेबलवरचा हार्डवेअर नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घेतला. बाहेरून डबे सारखे दिसतात, कपलरही बसतो, पण एका अक्षराच्या फरकानं आतली मांडणी वेगळी असू शकते. पिनांवर हिरवट-पांढरी बुरशी नाही, म्हणजे पाणी गेलेलं नाही, हेही पाहिलं. मग जुन्यातला सगळा डेटा, इमोबिलायझरच्या ओळखीसकट, वाचून नव्यात लिहिला. लिहिताना स्थिर व्होल्टेज देणारा सप्लाय जोडलेला होता, कारण मध्येच वीज तुटली तर ईसीएम मुका होऊन बसतो. त्या फाइलची एक प्रत मी पेन ड्राइव्हवर मागून घेतली. ज्यांचा ईसीएम अजून जिवंत आहे त्यांना हे आवर्जून सांगते: डेटा वाचता येतोय तोवर काढून ठेवा. पूर्ण मेलेल्यातून तो काढणं फार अवघड जातं.

पहिल्या सेल्फला सुरू झाली. दोन्ही किल्ल्या चालल्या. पहिले दोन दिवस आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) मिनिटाला ६५० ते ९०० फेऱ्यांमध्ये वर-खाली व्हायचं, एसी लावला की इंजिन क्षणभर दबायचं. थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची) बंद जागा आणि हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा हिशेब ईसीएम नव्यानं शिकत असतो, तोवर घाबरू नये. पेट्रोलची लाँग टर्म दुरुस्ती (ठरल्यापेक्षा किती कमी-जास्त पेट्रोल सोडावं लागतंय याचा ईसीएमचा हिशेब) आधी अधिक ८ टक्के दाखवत होती, दहा दिवसांत अधिक २ वर येऊन थांबली, ती आजही तिथंच आहे. लिटरला १३ किलोमीटरवर आलेली गाडी १६ देते.

तिसऱ्या महिन्यात दिवा पुन्हा लागला. पी ०३५२. पोटात गोळाच आला. वायरमननं दुसऱ्या कॉइलचा कपलर अंगठ्यानं दाबला, टक असा आवाज आला. लॉक अर्धवट बसलं होतं. कोड पुसला, तेव्हापासून काही नाही.

तक्रार एकच, आणि ती मोठी आहे. या ईसीएमचं सोल्डरिंग माझ्या जुन्याइतकंच जुनं आहे, आणि हमी फक्त ३० दिवसांची मिळाली. म्हणून काही सवयी बदलल्या. इंजिनच्या खोलीत प्रेशरचं पाणी मारू देत नाही. सहाव्या महिन्यात सायलेन्सरचा हँगर वेल्डिंग करायचा होता, तेव्हा आधी बॅटरीचा मायनस स्वतः काढला. इतरांच्या गाडीला जंप स्टार्ट देणं बंद केलंय. उलट्या लागलेल्या वायरींनी ईसीएम एका क्षणात जातो, आणि अंधारात, घाईत ती चूक कोणाच्याही हातून होऊ शकते.

गेल्या आठवड्यात भर दुपारी एसी लावून लांब चढ चढले, वर पोचल्यावर इंजिन चालूच ठेवून स्कॅनर जोडला आणि मिसफायरची मोजणी उघडली. चारही सिलिंडरपुढे शून्य होतं.