गाळाचा अंदाज: जुना आलेख की मशीन लर्निंग?

गोदावरी जायकवाडीत किती गाळ आणते, हे काढायची जुनी रीत म्हणजे विसर्ग आणि गाळ यांचा एकच आलेख. मोजमापं थोडी असली तरी तो जमतो. पण जूनमध्ये उघड्या काळ्या रानांवरून आलेला पहिला पूर आणि सप्टेंबरचा तेवढाच पूर त्याला सारखेच दिसतात. खरं तर पहिला लोंढा सहसा कितीतरी गढूळ असतो! रँडम फॉरेस्ट हे जुन्या नोंदींवरून शिकणारं मशीन लर्निंगचं तंत्र आधीच्या दिवसांचा पाऊस, पिकांचं आच्छादन, जमिनीचा उतार हेही जमेस धरतं. उतारावरची माती अडवणारे समतल चर आधी कोणत्या पाणलोटात खोदायचे हे ठरवायला मी तेच निवडेन. मात्र शिकताना कधी न पाहिलेला महापूर आला, की ते गाळ कमी सांगतं. त्यासाठी भर पुरात नमुन्याच्या बाटल्या भरायलाच हव्यात.