बिल नाही, वॉरंटी आहे: डुप्लिकेट बिल काढावं की सिरियल नंबरवर दावा करावा?

फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा एसी बिघडलाय, वॉरंटी संपलेली नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, पण मूळ बिल हातात नाही. अशा वेळी पर्याय मुख्यतः दोन असतात. जिथून वस्तू घेतली तिथून डुप्लिकेट बिल काढून आणायचं आणि मग तक्रार नोंदवायची, किंवा बिलाच्या मागे न लागता थेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावून सिरियल नंबरवर दावा करायचा. बँकेचं किंवा कार्डचं स्टेटमेंट दाखवा, असा तिसरा सल्लाही हमखास मिळतो. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण त्याचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी होतो.

हे दोन्ही मार्ग मी वापरले आहेत. कंपनीगणिक नियम बदलतात, त्यामुळे माझा अनुभव सगळीकडे तसाच लागू पडेल असा दावा नाही. तरी निवड करताना काय पाहावं, याबद्दल माझं मत आता बऱ्यापैकी पक्कं झालं आहे.

सर्व्हिस सेंटरला मुळात तीन गोष्टी जुळवून पाहायच्या असतात: वस्तू हीच आहे ना, ती कोणत्या तारखेला विकली गेली आणि कोणी विकली. नीट केलेल्या बिलात या तिन्ही एकत्र असतात. बाकी कुठलाही कागद घेतला तरी त्यात एखादी गोष्ट निसटलेली असते.

आधी सिरियल नंबरचा मार्ग, कारण सोयीचा तोच वाटतो. वॉशिंग मशीनवर नेमप्लेट बहुधा दाराच्या आतल्या कडेला किंवा मागच्या बाजूला असते, फ्रिजमध्ये आतल्या भिंतीवर, कधी भाजीच्या ड्रॉवरमागे, मायक्रोवेव्हच्या दाराच्या चौकटीवर, एसीच्या आतल्या युनिटच्या बाजूला. मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही तिथे मिळतात. त्या एका नंबरवरून कंपनीला बरंच काही कळतं: वस्तू कधी तयार झाली, कुठल्या कारखान्यातून निघाली, कोणत्या वितरकाकडे गेली. घरबसल्या, एका फोनवर तक्रार नोंदली जाते. कुणाची मनधरणी करावी लागत नाही.

त्यातही तुमच्याकडे दोनपैकी एक गोष्ट असेल तर हा मार्ग खरोखर सरळ आहे. पहिली म्हणजे खरेदीनंतर कंपनीच्या साइटवर किंवा ॲपवर केलेलं रजिस्ट्रेशन. दुसरी, जिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, ती म्हणजे इन्स्टॉलेशनची जॉब शीट. कंपनीचा टेक्निशियन मशीन बसवायला आला असेल तर त्या दिवशीची तारीख, सिरियल नंबर आणि तुमचा मोबाइल नंबर कंपनीच्याच नोंदीत गेलेला असतो. कंपनीची स्वतःची नोंद असल्याने तिच्यावर शंका घ्यायला जागा कमी राहते. म्हणून फोन लागल्यावर ‘बिल हरवलं’ अशी सुरुवात करू नका. सिरियल नंबर आणि मोबाइल नंबर सांगा आणि विचारा, ‘तुमच्या नोंदीत वॉरंटी कधीपर्यंत दिसतेय?’ जे उत्तर येईल त्यावर पुढचं ठरेल. कधीकधी गोष्ट तिथेच मिटते.

ती मिटत नाही तेव्हा काय होतं, हे मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण माझा कौल त्यावरच ठरला.

सिरियल नंबरमध्ये असते ती निर्मितीची तारीख. विक्रीची तारीख त्यात नसते आणि असूही शकत नाही. मशीन कारखान्यातून निघतं, वितरकाच्या गोदामात पडून राहतं, मग दुकानात येतं, आणि मागणी कमी असलेलं मॉडेल असेल तर तिथेही बराच काळ उभं असतं. तुमची वॉरंटी सुरू होते खरेदीच्या दिवसापासून. पण खरेदीचा पुरावा नसेल तर वॉरंटी निर्मितीच्या तारखेपासून धरली जाईल, असं कलम अनेक कंपन्यांच्या अटींमध्ये असतं. काही कंपन्या त्यात थोडे महिने वाढवून देतात, काही तेही देत नाहीत. म्हणजे मशीन गोदामात असतानाचे, तुम्ही ते पाहिलंही नव्हतं तेव्हाचे महिने तुमच्या वॉरंटीतून वजा होतात.

माझ्या वॉशिंग मशीनच्या बाबतीत हेच झालं. तक्रार सहज नोंदली गेली, टेक्निशियन वेळेवर आला, माणूस कामात चोख होता. त्याने नेमप्लेटचा फोटो घेतला, नंबर ॲपमध्ये टाकला, आणि स्क्रीनवर वॉरंटी संपल्याचं दिसलं. पीसीबी, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, गेला होता. त्याने नव्या पीसीबीचं आणि मजुरीचं एस्टिमेट माझ्यापुढे ठेवलं. मशीन घेऊन वर्ष झालं नव्हतं हे मला माहीत होतं, तोही नाकारत नव्हता. पण ॲपमध्ये जी तारीख होती तिच्यापुढे त्याचा इलाज नव्हता. कस्टमर केअरला पुन्हा फोन केला तर तीच तारीख पुन्हा ऐकायला मिळाली. त्यातही प्रत्येक वेळी फोनवर नवा माणूस, म्हणजे सगळी हकिगत पहिल्यापासून. शेवटी प्रत्येकाने एकच सांगितलं: खरेदीची तारीख दाखवणारा कागद पाठवा, लगेच बदलून देतो.

म्हणजे ज्या बिलाला वळसा घालायला हा मार्ग धरला, तो पुन्हा त्या बिलापाशीच येऊन थांबला. मधल्या काळात मशीन बंद ते बंदच. फोनवरची प्रतीक्षा, तक्रार क्रमांक लिहून घेणं, टेक्निशियनची वाट पाहणं, या गोष्टींचं मला फारसं काही वाटत नाही. पण आपलं खरं असूनही कंपनीच्या नोंदीतली चुकीची तारीख आपल्यावर लादली जावी, हे मनाला लागलं. तेव्हापासून माझा कल विक्रेत्याकडे आहे.

आता डुप्लिकेट बिलाचा मार्ग. तो निर्वेध आहे असं म्हणणार नाही. विक्रेत्याला तुमच्यासाठी वेळ काढायचा असतो, आणि झालेल्या विक्रीचा कागद शोधण्यात त्याला नवीन मिळकत नसते. ‘बिल नंबर सांगा’ हा पहिला प्रश्न येतो, आणि तो तर हरवलेल्या बिलावरच असतो. वर्ष बदललं की बिलांची मालिका बदलते, कधी बिलिंगचं सॉफ्टवेअर बदलतं, मग ‘जुना डेटा बघावा लागेल’ हे ऐकावं लागतं. ऑनलाइन खरेदी असेल तर यातलं काहीच नसतं. खात्यात लॉग-इन करून ऑर्डरच्या यादीतून इनव्हॉइस उतरवून घ्या, विषय संपला.

स्टेटमेंटचा उपयोग इथे होतो. नुसतं स्टेटमेंट सर्व्हिस सेंटरला दाखवलं तर त्यात तारीख, रक्कम आणि विक्रेत्याचं नाव दिसतं, पण पैसे कशाचे दिले ते दिसत नाही. त्याच दुकानातून त्याच रकमेचा टीव्हीही घेतलेला असू शकतो, या हरकतीवर आपल्याकडे उत्तर नसतं. तेच स्टेटमेंट विक्रेत्यापुढे ठेवलं की त्याचं काम हलकं होतं. नेमका दिवस आणि नेमकी रक्कम मिळाली की त्या दिवसाच्या विक्रीत तुमची नोंद पटकन सापडते. सोबत मॉडेल, सिरियल नंबर आणि खरेदीच्या वेळी दिलेला मोबाइल नंबर द्या. हप्त्यांवर घेतलं असेल तर कर्जाच्या कागदांत बऱ्याचदा मॉडेलचंही नाव असतं, ते आणखी चांगलं. एवढी तयारी करून गेलो तर ‘नंतर या’ हे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच कमी होते, असा माझा अनुभव.

डुप्लिकेट बिल हातात आलं की तिथेच उभं राहून तपासा. त्यावर मूळ बिलाचा नंबर आणि मूळ तारीख हवी. आजची तारीख असलेलं नवं बिल उपयोगाचं नाही. कुणी मदत म्हणून नव्या तारखेचं बिल करून देऊ म्हणालं तरी घेऊ नका. ते खोटं ठरतं, आणि कंपनीकडे माल कधी, कुणाला पाठवला याची नोंद असल्याने विसंगती उघडही पडू शकते. दुसरी गोष्ट सिरियल नंबर. बऱ्याच बिलांवर फक्त मॉडेल छापलेलं असतं. तसं असेल तर सिरियल नंबर लिहून त्यावर सही-शिक्का घ्या, म्हणजे बिल याच मशीनचं आहे हे दाखवता येतं.

मला असं बिल मिळाल्यावर त्याचा फोटो कंपनीला पाठवला, नोंदीतली तारीख बदलली गेली आणि पीसीबी वॉरंटीत बदलून मिळाला. वाद घालावा लागला नाही.

विक्रेत्याकडे जाण्याला आणखी एक आधार आहे. कंपनीची वॉरंटी हे कंपनीने स्वतःहून दिलेलं वचन असतं, तर कायद्याने येणारी जबाबदारी बऱ्याच देशांत विक्रेत्यावर असते. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार, वस्तू हाती दिली तेव्हाच तिच्यात असलेला दोष २ वर्षांच्या आत दिसून आला तर विक्रेता जबाबदार असतो. ऑस्ट्रेलियात खरेदीचा पुरावा म्हणून बँकेचं किंवा कार्डचं स्टेटमेंटही चालू शकतं, बिलच हवं असं नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याखाली ‘फुल’ (पूर्ण) म्हणून दिलेल्या वॉरंटीला रजिस्ट्रेशन कार्ड परत पाठवण्याची अट घालता येत नाही. तुम्ही जिथे राहता तिथला नियम आणि वॉरंटी पुस्तिकेतलं ‘खरेदीचा पुरावा’ हे कलम दुकानात जाण्याआधी वाचून घ्या. ‘पुरावा’ असा मोघम शब्द आहे की ‘मूळ बिल’ असं स्पष्ट लिहिलं आहे, यावरून बोलण्यातला जोर ठरतो.

असं असलं तरी काही वेळा मी स्वतःही सिरियल नंबरचाच मार्ग धरेन. दुकान बंद झालं असेल किंवा मालक बदलला असेल, तर प्रश्नच उरत नाही. वस्तू भेट मिळालेली असेल आणि देणाऱ्याकडे बिल मागणं अवघड वाटत असेल, तेव्हाही. आणि तिसरी स्थिती कॉम्प्रेसर किंवा मोटरच्या लांब मुदतीच्या वॉरंटीची. ती बऱ्याचदा ५ किंवा १० वर्षांची असते. सहाव्या वर्षी १० वर्षांच्या वॉरंटीतला कॉम्प्रेसर गेला, तर निर्मिती आणि विक्री यांच्यातल्या काही महिन्यांनी फरक पडत नाही. निर्मितीपासून मोजलं तरी मुदत भरपूर उरते. शिवाय इतक्या वर्षांनी विक्रेत्याकडे नोंद असेलच असं नाही. फक्त ही वॉरंटी बहुधा त्या सुट्या भागापुरती असते, गॅस आणि मजुरी वेगळी लागू शकते, हे आधीच विचारून घ्या. तारखेचं ते दुखणं खरं जाणवतं ते पहिल्या-दुसऱ्या वर्षात, संपूर्ण मशीनची वॉरंटी संपत आलेली असताना.

बिल आहे पण कोरं पडलंय, अशीही स्थिती असते. थर्मल कागदावर शाई नसते. उष्णतेने काळा होणारा रासायनिक थर असतो, आणि ऊन, तेलकट हात, सॅनिटायझर, मऊ प्लास्टिकचे फोल्डर यांनी त्यावरची अक्षरं पुसट होत जातात. असा कागद फेकू नका. चांगल्या उजेडात फोटो काढून किंवा स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवला की बिल नंबर किंवा तारीख कधीकधी वाचता येते, आणि विक्रेत्याला शोधायला तेवढं पुरतं. तो गरम करून पाहण्याचा प्रयोग मात्र टाळा, अख्खा कागद काळा पडू शकतो.

कोणत्याही मार्गाने दावा मंजूर झाला, तरी टेक्निशियन जाण्याआधी एक गोष्ट करून घ्या. खरेदीची तारीख कंपनीच्या मूळ नोंदीत दुरुस्त झाली का, की फक्त या एका तक्रारीपुरती मान्य केली, हे विचारा आणि बदललेल्या नोंदीचा एसएमएस किंवा ईमेल मागा. ती दुरुस्ती झाली नसेल तर पुढच्या बिघाडाला ॲपमध्ये पुन्हा निर्मितीचीच तारीख दिसेल.