आधी चीज, मग किल्ला, बीअर शेवटी : म्युनिकहून केलेली एक दिवसाची प्रायव्हेट टूर

म्युनिकहून सकाळी न्यायचं, चीज फार्म, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला आणि ब्रुअरी दाखवायची आणि रात्री परत आणून सोडायचं, अशी एक प्रायव्हेट टूर आम्ही सप्टेंबरमध्ये केली. चौघांचे मिळून ६८० युरो, म्हणजे आपले सत्तर हजारांच्या आसपास. गाडी, गाडी चालवणारी गाइड, किल्ल्याची तिकिटं, चीज आणि बीअर चाखणं हे सगळं त्यात धरून. जेवण आपलं आपण. पैसे वसूल झाले का, तर झाले. पण कंपनीने छापलेल्या क्रमाने गेलो असतो तर निम्मे पाण्यात गेले असते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

छापील क्रम असा होता : सकाळी दहाला ब्रुअरी, दुपारी किल्ला, साडेचारला फार्म, तिथे ४५ मिनिटं. ठाण्याला नौपाड्यात आमची डेअरी आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. दुपारी साडेचारला कुठल्याही दूधवाल्याच्या कारखान्यात गेलात तर धुतलेली पातेली आणि पालथ्या घातलेल्या बादल्या दिसतील, दुसरं काही नाही. दूध थांबत नाही, ते सकाळीच हातावेगळं करावं लागतं. आमच्या एजंटला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘ताई, तिकडे प्रोग्रॅम फिक्स असतो, आपल्यासारखं नाही.’ म्हटलं, अरे, विचारून तर बघ. दुसऱ्या दिवशी म्युनिकहून उत्तर आलं की चालेल, फक्त सकाळी साडेसहाला निघावं लागेल. एवढंच! इतकं सोपं होतं तर छापील क्रम तसा का ठेवलाय, हे मला अजून कळलेलं नाही.

जाण्याच्या तारखांवरूनही घरात थोडं झालं. गणपती आणि दसरा यांच्या मधले दिवस तेवढे आमच्या धंद्यात मोकळे. एकदा चक्क्याच्या ऑर्डरी सुरू झाल्या की मान वर करायला फुरसत नसते. सासूबाई म्हणाल्या, ‘पक्षात कसले प्रवास करता?’ पण नणंद आणि तिचे यजमान म्युनिकलाच असतात, राहण्याची सोय होती, निघालो.

म्युनिक ते किल्ल्याजवळचं फ्युसेन साधारण १२० किलोमीटर, दोन तास. शेवटच्या अर्ध्या तासात आल्प्सचे डोंगर एकदम समोर उभे राहतात. या भागाला आल्गॉय म्हणतात आणि गवत म्हणजे काय ते इथे बघावं. एका गावाबाहेर गाडी थांबली, कारण रस्ता गायींनी भरलेला होता. उन्हाळाभर वर डोंगरावर चरायला नेलेली गुरं सप्टेंबरात खाली आणतात, त्याला फीशाइड म्हणतात. गळ्यात हंड्याएवढ्या घंटा. वर कुणालाही इजा न होता हंगाम पार पडला असेल तर पुढच्या गायीच्या डोक्यावर फुलांचा भला मोठा मुकुट चढवतात. आमच्या पुढ्यातली नटलेलीच होती. आपला पोळा नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे नवऱ्याने हात जोडले. गाइड हसली नाही, हे मला आवडलं.

फार्मवर साडेआठला पोहोचलो तेव्हा तांब्याच्या मोठ्या कढईत दूध ३२ अंशांवर होतं आणि रेनेट, म्हणजे दूध बसवायला घालतात तो पदार्थ, नुकतंच घातलेलं होतं. मालकाने आम्हाला बाजूला उभं केलं, डोक्याला टोप्या, पायात प्लॅस्टिकची आवरणं. अर्ध्या तासात दूध खरवसासारखं बसलं. त्याने हाताची पालथी बोटं त्यात घालून हलकेच वर उचलली. चीर सरळ आणि स्वच्छ फाटली, कडेला हिरवट निवळी सुटली, मग तो हो म्हणाला. हेच आम्ही दह्याचं करतो, घड्याळ न बघता. मग तारा ताणलेली एक उभी चौकट, त्याला ते हार्प म्हणतात, ती फिरवत फिरवत त्या दह्याचे गव्हाच्या दाण्याएवढे तुकडे केले. पुढे ढवळत ढवळत तापमान पन्नासच्या वर नेतात, म्हणजे दाण्यातलं पाणी निघतं आणि चीज टिकतं. दाणे मुठीत दाबून उघडले की गोळा राहावा आणि अंगठ्याने चोळला की सुटावा. त्याने माझ्या हातावर ठेवले. चव जवळजवळ नाहीच, थोडी गोडसर, आणि दाताखाली किरकिर वाजतं.

प्रश्न मीच जास्त विचारले. बाकीचे तिघे तोवर मांजराशी खेळत होते. तिथल्या गायी तपकिरी, दुधाला फॅट चारच्या आसपास. १०० लिटर दुधात असलं कडक चीज नऊ-दहा किलो निघतं. आम्ही म्हशीच्या तेवढ्याच दुधात वीस-बावीस किलो पनीर काढतो. हे ऐकून मालकाने भुवया उंचावल्या. पण पनीर दोन दिवसांत विकावं लागतं आणि त्याचं चीज तळघरात महिनोन् महिने पडून भाव खातं.

सगळ्यात कामाची गोष्ट कळली ती चाऱ्याची. इथे गायींना फक्त गवत आणि वाळलेलं गवत देतात, मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, अजिबात नाही. मुरघासातून जे जंतूंचे बीजाणू दुधात उतरतात ते पाश्चरायझेशननेही मरत नाहीत आणि चार महिन्यांनी तळघरात चीज फुगवून फोडतात. आपल्याकडे मुरघासाचं दूध सर्रास चालतं, कारण आपल्याला इतकं थांबायचंच नसतं. एमेंटाल नावाच्या चीजला जी भोकं पडतात तीही जंतूंचीच करामत, फक्त ते जंतू हवेहवेसे असतात. ते कार्बन डायऑक्साइड सोडतात. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की दुधात पडलेले गवताचे बारीक कण नसतील तर तो गॅस कुठे जमायचा ते ठरत नाही आणि भोकं कमी होतात. म्हणजे दूध फार स्वच्छ झालं म्हणून चीजची भोकं बुजली! आमच्या कामगारांना हे मी सांगणार नाहीये.

तळघरात थंडी आणि अमोनियाचा वास. फळ्यांवर बेर्गकेझे, म्हणजे डोंगरी चीजची चाकं. रोज उलटायची, मिठाच्या पाण्याने चोळायची. आल्गॉयचं म्हणून विकायचं तर चार महिने पिकवणं सक्तीचं आहे. चाखायला चार, नऊ आणि अठरा महिन्यांचं असं ओळीने ठेवलं. चार महिन्यांचं लोण्याकडे झुकणारं. नऊचं मला सगळ्यात आवडलं : अक्रोडाची चव आणि मागाहून जिभेवर खारटपणा. अठराचं कुरकुरीत. आत पांढरे खडे लागतात ते मीठ नव्हे, प्रोटीन मोडून तयार झालेले स्फटिक. नणंदेने शेवटी वाइसलाकर मागितलं. वेर्टाख गावात १८७४ मध्ये निघालेलं हे चीज, बाहेरून पांढरं चकचकीत आणि वासाला… असो. तिच्या यजमानांनी दोन तुकडे खाल्ले, माझ्या नवऱ्याने खिडकी उघडली.

शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं. इथलं रेनेट वासराच्या पोटातलं आहे. मालकाने विचारल्यावर लगेच सांगितलं, लपवलं नाही. पण टूरच्या माहितीपत्रकात ‘व्हेजिटेरियन फ्रेंडली’ असं छापलंय. हे बरोबर नाही. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असलेलं चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं, त्यामुळे आपल्याला हा प्रश्न पडायची सवयच नसते. बुकिंग करतानाच लिहून कळवा. आधी सांगितलं तर ते लिंबाच्या रसाने फाडलेलं ताजं मऊ चीज काढून देतात. नणंदेच्या यजमानांनी तेच खाल्लं असतं तर गाडीतही बरं झालं असतं.

फार्मवर दोन तास गेले. तिथून किल्ला जवळ आहे.

किल्ल्याबद्दल थोडक्यात. लोक फोटो बघून जातात आणि फोटोसारखाच तो आहे. तिकिटावर मिनिटासकट वेळ असते, फाटकावर आपला नंबर लागला की आत शिरायचं. वेळ चुकली की तिकीट गेलं. होहेनश्वांगाउ गावातून वर चालत अर्धा-पाऊण तास चढ आहे. घोडागाडी आणि बसही आहे, पण दोन्ही अगदी दारापर्यंत जात नाहीत. आत साधारण अर्धा तास, फोटो काढायला मनाई, मोठी बॅग न्यायची नाही. आमची गाइड आत येत नाही, किल्ल्याचा गाइड वेगळा असतो.

बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये पायाभरणी केली. ठाण्याला आगगाडी आली १८५३ साली, म्हणजे आपलं स्टेशन या किल्ल्याहून जुनं. शत्रू वगैरे कोणी येणार नव्हतंच. वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेरांतल्या दंतकथा भिंतीभिंतींवर रंगवलेल्या, जिकडे तिकडे हंस. सिंहासनाच्या दालनात सिंहासन नाही, कारण ते बसवायच्या आत १८८६ मध्ये राजा वारला. सगळं मिळून तो इथे १७२ दिवस राहिला. त्याच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत तिकीट लावून लोकांना वाडा दाखवायला सुरुवात झाली, ती आजतागायत चालू आहे. नवरा दर पावसाळ्यात राजगडावर जाणारा, त्याला आत फार काही भावलं नाही. ‘याला तटबंदी कुठाय?’ हे त्याने दोनदा विचारलं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या ज्या अधिवेशनात राजगड-रायगडासह मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याच अधिवेशनात या वाड्यासह लुडविगचे चार वाडेही गेले. गाइडने हे सांगितल्यावर मात्र तो जरा मवाळ झाला.

मला विचाराल तर स्वयंपाकघर चुकवू नका. गरम पाण्याचे नळ, आणि मांस भाजायच्या सळया आपोआप फिरतात, आच वाढली की वेग वाढतो. नोकरांना बोलवायला विजेच्या घंटा. मारिएनब्र्युकं नावाचा पूल घळीच्या तळापासून ९० मीटरवर आहे, किल्ल्याचा तो प्रसिद्ध फोटो तिथूनच मिळतो. पूल हलतो. मी अर्ध्यातून परत फिरले.

जेवण खाली गावात. केसश्पाट्सन, म्हणजे मैदा-अंड्याच्या छोट्या शेवया, त्यात भरपूर चीज आणि वर तळलेला कांदा. अंडं चालत असेल तर पोट भरतं. तिखट शून्य. नणंदेने पर्समधून मिरचीचा ठेचा काढला तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी चाखायला मागितला. पुढचं सांगत नाही.

ब्रुअरीत चार वाजता. एका गावातलं कुटुंबाचं काम, आमच्याबरोबर दुसरं कोणी नव्हतं. बव्हेरियाचा बीअर शुद्धतेचा कायदा १५१६ चा, बीअरमध्ये जव, हॉप्स (कडवटपणा आणणारी वेलीची फुलं) आणि पाणी एवढंच घालायचं असं सांगणारा. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. ही गोष्ट तिथे प्रत्येक जण सांगतो, इथेही सांगितली. तांब्याची भांडी, पाइप, टाक्या हे सगळं वीस मिनिटांत उरकलं, आणि खरं सांगायचं तर सकाळची कढई बघितल्यावर बंद स्टीलच्या टाकीत मन रमत नाही. पण तळघरात ब्रुअरने टाकीचा छोटा नळ उघडून गाळायच्या आधीची बीअर थेट ग्लासात धरली, ते मात्र छान. गढूळ, गार, ओल्या कणकेचा वास. मी एरवी पीत नाही, दोन घोट घेतले. नवऱ्याने हेलेस, म्हणजे तिथली फिकट सोनेरी बीअर घेतली, मग गव्हाची, मग पुन्हा हेलेस. न पिणाऱ्यांसाठी बिनअल्कोहोलची बीअर जर्मनीत सगळीकडे मिळते आणि ती बीअरसारखीच लागते. सोबत प्रेत्सेल, म्हणजे गाठ मारलेला खारा पाव, आणि ओबात्स्दा, म्हणजे कॅमेम्बेर हे मऊ चीज, लोणी, कांदा, पॅप्रिका कालवून केलेलं. त्यात उरलेलं वाइसलाकर घालून पाहिलं. बीअरबरोबर ते खरंच चांगलं लागतं, सकाळी नुसतं खायला दिलं हेच चुकलं.

छापील क्रमात हीच ब्रुअरी सकाळी दहाला आहे. तीन बीअर पोटात घेऊन नवरा तो किल्ल्याचा चढ कसा चढला असता, ते बघायला मला आवडलं असतं, पण सत्तर हजार देऊन नाही.

तक्रारी दोन. ‘व्हेजिटेरियन फ्रेंडली’ची वर सांगितलीच. दुसरी म्हणजे गाडी सात जणांची म्हणून सांगितली होती, मागच्या सीटवर मोठ्या माणसाचे गुडघे मावत नाहीत. चौघांना चालून गेलं, सहा जण असाल तर मोठी गाडी मागा. गाइड उत्तम : कमी बोलणारी, रस्ता माहीत असलेली, चार वाजता ‘आता पाच मिनिटं गप्प बसूया’ असं म्हणणारी.

गुडघे दुखत असतील तर किल्ला सोडून फक्त फार्म आणि ब्रुअरी करता येते, पण कंपनी तिकिटाचे पैसे तेवढेच वजा करते, गाडीचे नाही. किल्ला २४, २५ आणि ३१ डिसेंबरला आणि १ जानेवारीला बंद असतो. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी आधी तारखा बघाव्यात. आणि एजंटला पहिल्याच फोनला सांगा की फार्म सकाळी. नाही म्हणाला तर मेल करायला लावा.