सात महिने कागदी सौदे: ॲप, माझी वही आणि ते रीसेटचं बटण

शेअर बाजार शिकवणाऱ्या या ॲपबद्दल केलेल्या माझ्या तक्रारीला कस्टमर केअरचं तिसरं उत्तर आलं, तेही आधीच्या दोनांसारखंच: 'आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.' म्हटलं, मग घ्या अनुभव.

ॲप काय आहे ते तुम्हाला माहीतच असेल. खोटे एक लाख रुपये देतं, भाव बाजारातले खरे, ऑप्शनचे, म्हणजे ठरलेल्या भावाला पुढं घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काचे, सौदे करून हात साफ करायचा. वर्षाचे १,४९९ रुपये, म्हणजे रोजचे चार रुपये अकरा पैसे. मी ऑगस्टअखेरीस भरले ते भाच्यामुळे. ऑगस्ट २०२५ मधल्या कायद्यानं पैसे लावायचे ऑनलाइन गेम बंद झाले आणि साहेब निफ्टीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाच्या, ऑप्शनकडे वळले. मी इथं क्लॉथ मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहितो. बहिणीचा फोन आला, "दादा, तूच बघ आता." शेअरच्या टिपा देणाऱ्या फोनांसाठी आमचं इंदूर देशभर बदनाम आहे, त्यामुळे कुणाला विचारायची सोय नाही. म्हटलं, आधी आपणच कागदावर शिकू.

आता मुद्दा. हे ॲप तुमचा सौदा शेवटच्या झालेल्या भावाला पक्का करतं. घेतानाही तोच भाव, विकतानाही तोच. असं कुठं असतं का हो? सराफ्यात अंगठी घ्यायचा भाव वेगळा आणि मोडायचा वेगळा, हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं. या दोन भावांमधल्या फरकालाच स्प्रेड म्हणतात.

ऑक्टोबरातली वहीतली एक नोंद देतो. पुढच्या महिन्याचा, बराच लांबचा कॉल, म्हणजे आजच्या निफ्टीच्या बऱ्याच वरच्या भावाला घ्यायचा हक्क. स्क्रीनवर भाव ४०. पण खरा विकणारा मागत होता ४१ आणि खरा घेणारा देत होता साडेअडतीस. लॉट, म्हणजे एका सौद्याचा गठ्ठा, तेव्हा ७५ चा. म्हणजे घेतला आणि लगेच विकला, तर भाव तसूभरही न हलता १८७ रुपये ५० पैसे गेले. त्यावर दोन ऑर्डरींची वीस-वीस रुपये दलाली, जीएसटी, एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) धरून आणखी त्रेपन्न. एकूण २४० रुपये, आणि ॲप म्हणतं नफा-तोटा शून्य! जवळच्या साप्ताहिक सौद्यांत हा फरक दहा-पंधरा पैशांवर येतो, हे मान्य. पण नवशिका माणूस स्वस्त दिसतो म्हणून लांबचाच घेतो. मीही घेतले.

भाच्याला हे समजावताना त्याच्याच जुन्या धंद्याचा दाखला कामी आला. तिथं टॉसवरसुद्धा भाव असे, दोन्ही बाजूंना १.९०. शंभर लावा, जिंकलात तर १९० हातात. शंभराला १.९० नं भागलं की येतात ५२.६३ टक्के, ही त्या भावात धरलेली जिंकायची शक्यता; दोन्ही बाजू मिळून १०५.२६. नाणं बिचारं शंभरातच पडतं, वरचे सव्वापाच दुकानदाराचे. "पण मामा, माझे टॉस बरोबर यायचे." आता यावर काय बोलणार.

ब्रिटनमध्ये तर स्प्रेडवर पैज लावायचाच रीतसर धंदा आहे, अंदाज जितका चुकला तितके पैसे जास्त द्यायचे. १९७४ मध्ये स्टुअर्ट व्हीलर यांनी सोन्याच्या भावावर पैजा घेणारी कंपनी काढली, तिथून तो वाढला. आपल्याकडून असल्या पैजांच्या मार्जिनसाठी, म्हणजे अनामत रकमेसाठी, परदेशी पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही, तेव्हा तो विषय सोडा. पण त्यातलं गणित कळलं की ऑप्शन विकणं कळतं. ८ डिसेंबर २०११ ला मी होळकर स्टेडियममध्ये होतो, सेहवागनं २१९ काढले तेव्हा. समजा त्या सकाळी कुणी त्याच्या धावांचा भाव ३४-३६ काढला असता आणि मी शहाणपणानं 'एवढ्या होत नाहीत' म्हणून ३४ ला विकलं असतं, धावेला शंभर रुपये. सेहवाग शून्यावर गेला असता तर मला मिळाले असते ३,४००. त्या दिवशी गेले असते १८,५००. साध्या पैजेत जास्तीत जास्त किती जाणार ते आधी ठाऊक असतं, इथं नसतं. कॉल विकणाऱ्याचंही तसंच, मिळणार ते ठरलेलं, जाणार किती ते नाही. शेजारचे लोक नाचत होते आणि मी घरी घेऊन जायच्या कचोऱ्या सांभाळत होतो, एवढंच त्या दिवशीचं माझं नुकसान.

ॲपची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. एका सौद्यात भांडवलाच्या दोन टक्क्यांवर जोखीम गेली की ते ऑर्डरच अडवतं. पहिल्या महिन्यात चिडून मी ते दहा टक्क्यांवर नेलं होतं. मग पेढीवर दुपारी हिशेब मांडला: दहा सौदे ओळीनं फसले, तर दोन टक्क्यांच्या वाटेनं लाखाचे ८१,७०० उरतात, दहाच्या वाटेनं ३४,९००. ओळीनं दहा फसतील कशाला, असं वाटतं ना? ११८ वेळा नाणं उडवा, सलग सहा वेळा काटा पडण्याची शक्यता न पडण्यापेक्षा जास्तच आहे. माझे ११८ सौदे झाले, त्यात एकदा सात ओळीनं गेले. दोन टक्के पुन्हा लावले, ते आजतागायत तसेच आहेत.

इथवर परवा लिहून ठेवलं होतं. आज पुढचं लिहितोय, आणि थोडं मागं घ्यायचंय.

ॲप मला ३१,२६० रुपये नफा दाखवतं. स्प्रेड आणि खर्च वहीतून काढले तर ११,३०० वजा, उरले १९,९६०. कंपनीला पाठवायला म्हणून हाच हिशेब भाच्याकडून तपासून घेत होतो. त्यानं वहीची मागची पानं उलटली. "मामा, हे सौदे तर चौऱ्याहत्तरच आहेत. आधीचे चव्वेचाळीस कुठे?"

आधीचे रीसेटमध्ये. सप्टेंबरात २८,४०० गेले तेव्हा ते बटण दाबलं, पुन्हा कोरे एक लाख. नोव्हेंबरात १९,१५० गेले, पुन्हा दाबलं. ॲपनं इमानदारीनं शून्यापासून मोजायला सुरुवात केली, आणि मीही. सगळं धरलं तर मी २७,५९० रुपयांनी खाली आहे. सहा महिने मी त्यांच्याशी अडीच रुपयांच्या फरकावरून भांडत होतो. आमची ही आतून म्हणाली, "पत्ते वाईट आले की डाव मोडायचा, असंच ना?"

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं होतं की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. तो आकडा मी भाच्याला वाचून दाखवला होता, बाकीच्या सातांत बसल्यासारखा.

तरी तक्रार कायम आहे. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा असे दोन भाव दाखवा, सौदे त्यांवरच पक्के करा. आणि ते रीसेट एवढं मोठं, हिरवं, अंगठ्याखाली कशाला ठेवलंय? विकायच्या बटणापेक्षा मोठं आहे. दाबल्यावर 'नक्की का' एवढंही विचारत नाही. जुना तोटा पुसून टाकायची सोय द्यायचीच असेल, तर तो वर लाल अक्षरांत लिहून ठेवा आणि मग द्या. उरलेल्या पाच महिन्यांचे पैसे परत मागितले, तर म्हणाले, दोन महिने फुकट घ्या. घेतले. फुकटचं सोडायचं कशाला.

भाच्याला एवढंच सांगितलंय की वहीत दोनशे सौदे भरेपर्यंत खरा सौदा नाही, आणि वही माझ्याकडे राहील. त्याचे एकोणसाठ झालेत. ऑटोपे मी बंद केलंय.

तीन तारे. रीसेटला कुलूप लावलंत तर चार.