दाराबाहेरचा सेन्सरवाला दिवा : दहा महिने वापरून

आमच्या दाराबाहेर आधीही दिवा होताच. पोर्चच्या छताला, बरोबर मधोमध. उजेड भरपूर, पण कुलूप उघडायला दारासमोर उभं राहिलं की दिवा पाठीमागे जायचा आणि आपलीच सावली कुलपावर पडायची. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली, आणि मोबाइलची बॅटरी दातात धरायची तेवढी बाकी! आईला तर किल्लीचं भोक बोटाने चाचपावं लागायचं. शेवटी भिंतीला लावायचा सेन्सरवाला एलईडी दिवा मागवला. 12 वॅट, ॲल्युमिनियमची काळी बॉडी, आयपी 65 (म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा), पोटाखाली सेन्सरचा पांढरा डोळा.

रंगावरून घरात वाद झाला. ह्यांना 6500 केल्विनचा पांढरा हवा होता, "कसं लख्ख दिसतं" म्हणून. मी 3000 चा पिवळसर घेतला. पहिल्या पावसानंतर जुन्या पांढऱ्या बल्बखाली किड्यांच्या पंखांचा सडा कोण झाडत होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पिवळ्या उजेडाकडे किडे येतच नाहीत असं नाही, पण कमी येतात. यंदा केरसुणी फिरवावी लागली, सुपली भरली नाही.

बसवायला आलेल्या वायरमनने जुन्या पॉइंटचं झाकण काढलं, तर आत दोनच वायरी. "ताई, चालतंय की, बल्ब इतकी वर्षं चाललाच ना." बल्बचा होल्डर प्लास्टिकचा होता, दादा, हा दिवा धातूचा आहे. पावसात ओल्या हाताने कोणी टेकला तर? त्याने तोंड वाकडं केलं, पण मीटरच्या पेटीपासून हिरवी अर्थिंगची वायर ओढून दिली. त्यात अख्खी दुपार गेली. तुमच्या दिव्याची बॉडी धातूची असेल तर एवढ्या एका गोष्टीवर अडून बसा.

आता माझी चूक. मी दिवा दाराच्या वर लावायला सांगितला, तोंड थेट फाटकाकडे. दिसायला छान. पण फाटकातून सरळ चालत आलं की तो पेटायचाच नाही. पायरीशी येऊन ठेच लागायची वेळ आली की मग भपकन उजेड. मी दिव्याला शिव्या घातल्या, परत पाठवायचा म्हणून खोकंही शोधून ठेवलं. मग सोबतचं माहितीपत्रक भिंग घेऊन वाचलं (भिंग खरोखरच लागलं, अक्षरं मुंगीएवढी). हा सेन्सर स्वतः काही सोडत नाही, समोरच्या उष्णतेतला बदल तेवढा हेरतो. त्याच्या समोरून आडवं गेलं तर चटकन कळतं, सरळ त्याच्या रोखाने आलं तर उशिरा. म्हणजे दिवा बरोबर होता, जागा चुकली होती.

आमच्या दाराला लागून, कडीच्या बाजूला, पोर्चची एक भिंत काटकोनात येते. दिवा तिथे हलवला, साधारण साडेसहा फूट उंचीवर. आता फाटकातून येणारा माणूस त्याच्या समोरून आडवा जातो, तीन पावलं टाकेपर्यंत दिवा लागलेला असतो. आणि उजेड बाजूने पडत असल्याने कुलूप स्वच्छ दिसतं, सावली दुसरीकडे जाते. दाराच्या वरची दोन भोकं पुट्टीने बुजवली. रंगाचा तो वेगळा ठिपका माझ्या हुशारीची आठवण म्हणून अजून आहे.

पोटाखाली तीन बारीक खुंट्या आहेत. एक किती वेळ पेटलेला राहावा याची, दुसरी किती अंधार पडल्यावर लागावा याची, तिसरी किती लांबचं टिपावं याची. दुसरी खुंटी सूर्याच्या चिन्हावर होती, त्यामुळे पहिले दोन दिवस भर उन्हातही दिवा लागत होता. चंद्राकडे फिरवली आणि थांबलं. वेळ दीड मिनिटावर ठेवली आहे. त्याहून कमी ठेवली तर आई चप्पल काढेपर्यंत अंधार, मग तिने हात हलवत उभं राहायचं. तिसरी खुंटी मात्र पूर्ण वाढवू नका. आमच्याकडे ती वाढवलेली असताना फाटकाबाहेरच्या प्रत्येक कुत्र्याचं स्वागत होत होतं.

पावसाने एकदा फजिती केली. आयपी 65 मधला 6 धुळीसाठी आणि 5 पाण्याच्या धारेसाठी, हे वाचून मी निर्धास्त होते. पण ती ग्वाही दिव्याच्या पोटाची. पाठीमागे भिंत आणि दिवा यांच्यात जी फट राहते, तिचं काय? पहिल्याच झोडपणाऱ्या पावसात भिंतीवरचं पाणी त्या फटीतून वायरीच्या जोडापर्यंत पोचलं आणि पेटीतला आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, पडला. अर्थिंगसाठी भांडले होते त्याचं चीज झालं. मेन बंद करून, सगळं वाळवून, जोड पुन्हा करून घेतला आणि दिव्याच्या वरून व दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरलं. खालची बाजू मुद्दाम मोकळी सोडली, चुकून पाणी शिरलंच तर निघायला वाट हवी. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला, काही नाही.

तक्रारी दोन. सोबत दिलेले स्क्रू चार महिन्यांत गंजले, त्यांचे तांबूस ओघळ भिंतीवर आले. मी स्टीलचे आणून बदलले. आणि आतला एलईडी सुटा निघत नाही, गेला की अख्खा दिवाच बदलायचा. उकाड्याच्या रात्री, हवाच अंगाइतकी तापलेली असते तेव्हा, सेन्सर थोडा मंद होतो, पण तो या जातीच्या सगळ्याच सेन्सरांचा स्वभाव आहे, म्हणून त्याचे गुण कापत नाही.

पाचपैकी चार. एक तारा स्क्रूंनी घालवला.